‘शिन शू’ : गुरुबंधूंची मैत्री आणि तिची कसोटी

दूरचित्रवाणीवरील मालिका हा वाङ्मयसमीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न हे शीर्षक पाहून आमच्या काही वाचकांच्या मनात उभा राहील. ही शंका गैर आहे असे आम्ही म्हणणार नाही. घरोघरच्या पडद्यावर संध्याकाळी जे दाखविले जाते, त्यातील बहुतेक भाग दुसऱ्या दिवशी विसरण्याच्याच योग्यतेचा असतो. तथापि आपण मराठी माणसांनी नाटकास वाङ्मयाबाहेर कधीच ठेवले नाही. आणि जिच्या मुळाशी एक कादंबरी आहे, जिच्यातील पात्रे आपापल्या स्वभावधर्माने वागतात, आणि जिच्यातून एक समाज स्वतःलाच एक अवघड नैतिक प्रश्न विचारताना दिसतो, अशी मालिका वाङ्मयाच्या अंगणात आपोआपच येते. ‘शिन शू’ ही चिनी मालिका त्या प्रकारची आहे, असे आमचे मत झाले आहे. एक गोष्ट मात्र आरंभीच सांगावयास हवी. आम्हांस चिनी भाषा अवगत नाही. इंग्रजी अनुवादाच्या आधाराने आम्ही ही मालिका पाहिली. तेव्हा संवादांच्या भाषासौंदर्याविषयी निवाडा देण्याचा अधिकार आम्ही घेत नाही. आम्ही बोलणार आहोत ते तिच्यातील माणसांविषयी, आणि त्या माणसांस बांधणाऱ्या नात्याविषयी.

मालिकेची मूळ कादंबरी ल्यू ल्यू या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखिकेची असून ती 2010 साली प्रसिद्ध झाली. या लेखिकेचे नाव त्यापूर्वी महानगरातील घरांच्या किमतींनी पिचलेल्या माणसांच्या कथेमुळे चीनभर गाजलेले होते. डॉक्टरांविषयी लिहावयाचे ठरल्यावर ती शांघायमधील एका मोठ्या रुग्णालयात जाऊन राहिली आणि मेंदूच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचा दिनक्रम तिने जवळून पाहिला. यांग यांग यांच्या दिग्दर्शनाखाली या कादंबरीची 36 भागांची मालिका झाली आणि 2012 सालच्या मे महिन्यात ती प्रेक्षकांसमोर आली. कथेच्या केंद्रस्थानी एकाच विभागातील तीन डॉक्टर आहेत. वडील ल्यू छन्शी, मधला हुओ सिम्याओ आणि धाकटा चंग आय-पिंग. वडील डॉक्टर शांत, जबाबदार आणि आपले दुःख आपल्यापाशी ठेवणारा आहे. मधल्याच्या हातात विलक्षण कौशल्य आहे आणि जिभेवर तितकाच विनोद. आपण देखणे आहोत आणि हुशार आहोत हे तो क्षणभरही विसरत नाही. धाकटा अजून शिकतो आहे, आणि रुग्णाच्या मृत्यूने खचून जाण्याइतका तो अद्याप कोवळा आहे.

हे तिघे एकमेकांस ज्या नात्याने हाक मारतात त्याचा अर्थ इंग्रजी अनुवादातून नीटसा पोहोचत नाही. मराठी वाचकास मात्र तो एका शब्दात कळतो. तो शब्द म्हणजे गुरुबंधू. एका गुरूपाशी शिकलेल्यांमध्ये जो आधी आला तो थोरला भाऊ, मागून आला तो धाकटा. अशी ही चिनी रीत असून ती कुस्तीच्या आखाड्यात, नाटकमंडळीत, कारागिराच्या कामठ्यात आणि आजच्या विद्यापीठांतही चालत आली आहे. आपल्याकडे संगीतातील घराण्यांमुळे आणि वारकरी परंपरेमुळे हा शब्द जिवंत राहिला. मित्र आपण निवडतो. गुरुबंधू आपल्या वाट्यास येतो. मित्राशी पटेनासे झाले तर दूर होता येते. गुरुबंधूशी भांडण झाले तरी नाते उरतेच, कारण ते दोघांच्या विद्येतच गुंतलेले असते. ‘शिन शू’मधील मैत्री ही या जातीची आहे. तीत ज्येष्ठकनिष्ठपणा आहे, धाक आहे, थट्टा आहे, आणि धाकट्याची चूक आपल्या अंगावर घेण्याची थोरल्याची तयारीही आहे.

परंतु हे नाते डॉक्टरांमध्ये असते तेव्हा त्यात एक गुंता येतो. दोन गवयांच्या मैत्रीत तिसरा कोणी नसला तरी चालते. दोन डॉक्टरांच्या मैत्रीत तिसरा माणूस नेहमीच असतो; तो खाटेवर पडलेला असतो आणि बहुधा त्यास बोलताही येत नसते. आपल्या चरकसंहितेच्या विमानस्थानात तद्विद्यसंभाषेचा, म्हणजे एका विद्येच्या जाणकारांनी आपसांत करावयाच्या चर्चेचा, मोठा मार्मिक विचार आहे, आणि तिचे संधाय व विगृह्य असे दोन प्रकार सांगितले आहेत. पहिली स्नेहाची, दुसरी झुंजीची. स्नेहाच्या चर्चेचे प्रयोजन तेथे ज्ञानवृद्धी हे मानले आहे, एकमेकांची पाठराखण हे नव्हे. डॉक्टरांचा स्नेह एकमेकांस सत्य सांगण्यासाठी आहे की एकमेकांस झाकण्यासाठी, हाच या मालिकेचा खरा प्रश्न आहे, आणि त्या दृष्टीने आम्ही तिच्याकडे पाहू इच्छितो.

या मालिकेचे मोल कळण्यासाठी तीस वर्षे मागे जाऊन एका दीर्घकथेची ओळख करून घेणे इष्ट ठरेल. शन रोंग या लेखिकेची ‘मध्यम वय गाठताना’ अशा अर्थाच्या नावाची कथा 1980 साली प्रसिद्ध झाली. 1982 साली तिच्यावर चित्रपट निघाला आणि त्यास त्या देशातील मोठा सन्मानही मिळाला. लू वेनतिंग ही बेचाळीस वर्षांची नेत्रतज्ज्ञ तिची नायिका होय. नवरा आणि दोन मुले यांच्यासह ती बारा चौरस मीटरच्या एका खोलीत राहते. एका सकाळी ती लागोपाठ तीन शस्त्रक्रिया करते. एका उपमंत्र्याचा मोतीबिंदू, एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या डोळ्यावरील पटलाचे रोपण, आणि एका लहान मुलीचा तिरळेपणा. तिन्ही डोळे तिच्या दृष्टीने सारखेच. उपमंत्र्याची बायको या सामान्य दिसणाऱ्या बाईवर विश्वास ठेवावा की नाही अशा संशयात वावरते. आणि तीच बाई सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीत, बंडखोर टोळके शस्त्रक्रियागृहात घुसले असता त्यांस बाहेर काढून त्याच उपमंत्र्याचा डोळा शांतपणे वाचविणारी होती, हे वाचकास मागाहून कळते. तिसरी शस्त्रक्रिया आटोपते आणि थोड्याच वेळात तिचे हृदय साथ सोडू लागते. मृत्यूच्या उंबरठ्यावर तिला आठवते ते मुलाने मागितलेले पांढरे बूट आणि मुलीच्या घालावयाच्या राहून गेलेल्या वेण्या.

या कथेत लूची एक मैत्रीण आहे, ज्यांग याफेन. दोघी एका वर्गात शिकल्या, एका रुग्णालयात डॉक्टर झाल्या. ज्यांग नवऱ्याबरोबर कॅनडाला कायमची निघून जाते आणि विमानतळावरून मैत्रिणीस पत्र लिहिते. आम्हांस सारी कथा या पत्रापाशी येऊन थांबल्यासारखी वाटते. जी गेली ती दोषी नाही आणि जी राहिली ती काही मूर्ख नाही. दोघींनी एकच ओझे उचलले होते, एकीचे खांदे आधी भरून आले इतकेच. डॉक्टरांची मैत्री या कथेत आहे, पण ती निरोपाच्या रूपाने आहे. लू वेनतिंग झिजते ती एकटीच, आणि तिची थोरवीही त्या एकटेपणातून सिद्ध होते. तेव्हाच्या चीनमध्ये बुद्धिजीवी वर्ग मोठ्या छळातून नुकताच बाहेर आलेला होता. आपल्या मूक कष्टांची कोणी तरी दखल घ्यावी एवढीच त्याची मागणी होती. या कथेने ती दखल घेतली. कथेच्या शेवटी लू जगते आणि नवऱ्याच्या आधाराने रुग्णालयाबाहेर उन्हावाऱ्यात पाऊल टाकते, तेव्हा समाजच तिची क्षमा मागत आहे असे वाटते.

‘शिन शू’चा काळ अगदी वेगळा. येथे डॉक्टरास कोणी दुर्लक्षित मानत नाही. त्याच्याकडे संशयाने पाहिले जाते. मधल्या तीस वर्षांत चीनच्या आरोग्यव्यवस्थेत बाजार शिरला. सरकारी अनुदान आटले, रुग्णालये औषधांच्या विक्रीवरील वाढाव्यावर चालू लागली, आणि ही वाढाव्याची पद्धत सर्व सरकारी रुग्णालयांतून बंद होण्यास 2017 साल उजाडावे लागले. गावाकडच्या दवाखान्यावर लोकांचा विश्वास नाही. म्हणून जो तो मोठ्या शहरातील मोठ्या रुग्णालयाची वाट धरतो. जमीन विकून, उसनवारी करून माणसे येतात, आगाऊ पैसे भरतात, आणि इतके करूनही रोगी दगावला तर आपली फसवणूक झाली असे त्यांस वाटते. शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरच्या हाती लाल पाकीट सरकविण्याची चाल याच अविश्वासातून आली. मालिका प्रक्षेपित होण्यास दोनएक महिनेही राहिले नव्हते, अशा वेळी मार्च 2012 मध्ये हार्बिन येथील एका रुग्णालयात चिडलेल्या रुग्णाने एका अठ्ठावीस वर्षांच्या शिकाऊ डॉक्टरची चाकूने हत्या केली. प्रेक्षक ही मालिका पाहावयास बसले ते ही बातमी मनात ठेवून.

या पार्श्वभूमीवर मालिकेच्या नावाचा विचार करावा. ‘शिन’ म्हणजे हृदय किंवा मन, ‘शू’ म्हणजे कला, विद्या, कसब. वैद्यकीय कसबामागे मनाची विद्या हवी, हा त्याचा सरळ अर्थ. परंतु हाच जोडशब्द चिनी भाषेत माणसाच्या अंतस्थ हेतूसाठीही वापरतात, आणि त्याची परिचित योजना ‘हेतू शुद्ध नसणे’ अशा निंदावाचक अर्थाने होते. म्हणजे नावातच स्तुती आणि शंका दोन्ही आहेत. डॉक्टरचे मन चांगले आहे, हे म्हणणे. आणि डॉक्टरच्या मनात काय आहे, हा प्रश्न. लेखिकेने ही दुधारी जागा जाणून निवडली असावी.

मधल्या गुरुबंधूच्या नावातही असाच एक संकेत आहे. चिनी प्रेक्षकास ‘सिम्याओ’ हे नाव ऐकताच सातव्या शतकातील महान वैद्य सुन सिम्याओ आठवतो. त्याने आपल्या औषधिग्रंथात थोर वैद्याच्या सचोटीविषयी एक निबंध लिहिला असून तो चीनमध्ये वैद्यकाच्या नीतिशास्त्राचा पाया मानला जातो. श्रीमंत आणि गरीब, आप्त आणि वैरी, स्वदेशीय आणि परका, सर्वांस सारखे लेखावे, हे त्यात आहे. आणि वैद्याने आपली बढाई मारू नये, इतर वैद्यांची निंदा करू नये, हेही आहे. असे थोर नाव लेखिकेने दिले ते तिघांतील सर्वांत नटव्या, थट्टेखोर आणि बढाईखोर माणसास. हा विनोद वरवरचा नाही. जसजशी मालिका पुढे जाते तसतसे ध्यानात येते की हुओ सिम्याओची थट्टा हे त्याचे चिलखत आहे. रोज माणसाचे डोके उघडून पाहावयाचे आणि संध्याकाळी त्याच्या मुलाबाळांसमोर उभे राहावयाचे, हे ज्यास करावे लागते तो एक तर कोरडा होतो, नाही तर हसत राहतो. वू श्यूबो या नटाने हे हसू फार संयमाने वापरले आहे; ते ओठांवर असताना डोळे मात्र रुग्णाच्या कागदांवर असतात.

मालिकेतील सर्वांत हृद्य धागा वडील गुरुबंधूचा आहे. ल्यू छन्शीच्या लहान मुलीची, नान्नानची, मूत्रपिंडे निकामी झाली आहेत आणि ती रोपणासाठी मूत्रपिंडाची वाट पाहत आहे. येथे लेखिकेने योजिलेली परिस्थिती किती भेदक आहे ते पाहण्यासारखे आहे. जो रोज इतरांच्या मुलांस वाचवितो तो स्वतःच्या मुलीच्या बाबतीत हातावर हात ठेवून बसतो. त्याचे कसब मेंदूचे, मुलीचा आजार मूत्रपिंडांचा. त्यातही ज्या विभागात तो काम करतो तेथे येणारे रोगी मेंदूस मार लागलेले असतात, आणि मरणोत्तर अवयवदान प्रायः अशाच रोग्यांकडून होऊ शकते. देह अखंड राहिला पाहिजे या जुन्या श्रद्धेमुळे चीनमध्ये असे दान दुर्मीळ; ऐच्छिक अवयवदानाची प्रायोगिक योजनाही 2010 साली कोठे सुरू झाली होती. अशा स्थितीत समोरच्या रोग्यास वाचविण्यासाठी शेवटच्या क्षणापर्यंत झगडणे, ही ल्यू छन्शीच्या बाबतीत नुसती कर्तव्याची बाब राहत नाही. ती रोजची परीक्षा होते. चांग ज्याई या नटाने ही भूमिका जवळजवळ न बोलता केली आहे, आणि त्याचे न बोलणे इतरांच्या दीर्घ संवादांपेक्षा अधिक ऐकू येते.

या ठिकाणी गुरुबंधूंच्या मैत्रीचे स्वरूप उघड होते. धाकटे दोघे थोरल्याचे दुःख जाणतात. पण त्याविषयी ते फारसे बोलत नाहीत. ते त्याच्या पाळ्या आपल्याकडे घेतात, त्याच्या मुलीस हसवितात, त्याच्यासमोर मुद्दाम क्षुल्लक गोष्टींवरून भांडतात. सांत्वनाचे शब्द त्यांच्यात नाहीत, आणि डॉक्टरांस ते सुचणारही नाहीत, कारण ज्यांस रोगाची टक्केवारी ठाऊक असते त्यांस खोटा धीर देता येत नाही. लू वेनतिंगच्या वेळी जे ओझे एकटीने वाहावे लागत होते, ते येथे तिघांत वाटले जाते. तीस वर्षांत चिनी लेखकाच्या दृष्टीत घडलेला बदल हाच, असे आम्हांस वाटते. आधीच्या कथेचा रोख ‘या बाईचे कष्ट पाहा’ असा होता. आता विचारले जाते की असे कष्ट माणूस कोणाच्या आधाराने सोसतो. उत्तर आहे ते बाजूच्या टेबलावर जेवणाऱ्या सहकाऱ्याचे.

येथवर आम्ही गुणांविषयी बोललो. पण आम्ही आरंभी जी कसोटी सांगितली ती मालिकेस लावल्यावर तिची एक मोठी उणीव दिसते, आणि ती लपविणे हे समीक्षकाचे काम नव्हे. गुरुबंधूंचे हे वर्तुळ इतके उबदार आहे की प्रेक्षक नकळत त्याच्या आत जाऊन बसतो, आणि तेथून बाहेर पाहू लागला की रोग्याचे नातेवाईक त्यास आक्रमक, हिशेबी आणि अडाणी दिसू लागतात. ज्या समाजात डॉक्टर आणि रोगी यांच्यात भिंत उभी राहिली आहे, तेथे भिंतीच्या एकाच बाजूचे घर सुंदर रंगविल्याने भिंत खाली येत नाही. जमीन विकून आलेल्या शेतकऱ्याचा संताप हा अज्ञानाचा नसून भीतीचा आहे, हे मालिका मधून मधून जाणते. पण त्या भीतीस ती डॉक्टरांच्या दुःखाइतका वेळ देत नाही. शन रोंगच्या कथेत म्हाताऱ्या शेतकऱ्याचा डोळा उपमंत्र्याच्या डोळ्याच्या शेजारी होता. ‘शिन शू’मध्ये ते शेजारपण विरळ झाले आहे.

दुसरी उणीव स्त्रीपात्रांविषयीची. हाय छिंग या नटीने रंगविलेली परिचारिका, जिला सारे ‘सुंदर छोटी परिचारिका’ अशा अर्थाच्या लाडक्या नावाने ओळखतात, ती मालिकेतील अत्यंत चैतन्यशील व्यक्ती आहे. ती फटकळ आहे, कामात चोख आहे. परंतु गुरुबंधूंच्या नात्यात तिला जागा नाही. तिने आत यावयाचे ते प्रेमिका म्हणून. रुग्णालयात रात्रभर रोग्यापाशी असते ती परिचारिका. डॉक्टरांच्या मैत्रीची कथा सांगताना तिच्या विद्येस बंधुत्वाचा मान मिळू नये, हे आम्हांस खटकले. उत्तरार्धातील प्रेमप्रकरणांनी 36 भागांची लांबी भरून काढली आहे, असेही म्हणावे लागते.

इतके असूनही मालिका आमच्या मनातून जात नाही, आणि त्याचे एक कारण आमच्या स्वतःच्या स्मृतीत आहे. दिग्दर्शिका यांग यांग यांनी ‘शिन शू’पूर्वी, 2006 साली, नॉर्मन बेथ्यून या कॅनडातील शल्यतज्ज्ञाच्या जीवनावर मालिका केली होती. बेथ्यून 1939 च्या नोव्हेंबरात चीनच्या रणभूमीवर मरण पावला. त्याच्या नावे चालणाऱ्या रुग्णालयाची धुरा 1941 साली ज्यांनी घेतली आणि 9 डिसेंबर 1942 रोजी ज्यांनी तेथेच देह ठेवला, ते सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. 1938 साली मुंबईहून निघालेल्या त्या पाच डॉक्टरांच्या पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. शांतारामबापूंनी 1946 साली कोटणीसांवर काढलेला चित्रपट आपल्या मागील पिढ्यांनी पाहिला. तो एका वीराचा चित्रपट आहे. पण त्या पथकाच्या हकीकतीत डॉक्टरांच्या मैत्रीचीही एक कथा दडलेली आहे. कलकत्त्याचे डॉ. बसू आणि कोटणीस बरोबरच आघाडीवर गेले. पुढे बसू येनानला परतले आणि कोटणीस मागे राहिले. एक बंगाली, एक मराठी. भाषा निराळी, गुरू निराळे. तरी दोघांमध्ये गुरुबंधुत्व निर्माण झाले, कारण दोघांच्या मध्ये जो तिसरा माणूस होता, तो जखमी चिनी शिपाई, त्यास ते दोघेही विसरले नाहीत. या बंधुत्वावर कोणी मराठीत नाटक लिहील काय, असा विचार ‘शिन शू’ पाहताना आमच्या मनात वारंवार आला.

आमचे पुष्कळसे वाचक शिक्षक आहेत. त्यांचाही व्यवसाय असा की त्यात दोघांच्या मैत्रीमध्ये तिसरा माणूस उभा असतो. तो बाकावर बसलेला असतो एवढाच फरक. सहकाऱ्याची चूक दिसली असता मैत्रीखातर गप्प राहावे की मैत्रीखातरच बोलावे, हा पेच शिक्षकांच्या खोलीतही येतोच. ‘शिन शू’ या पेचाचे पूर्ण उत्तर देत नाही. कित्येकदा ती मैत्रीच्या उबेत तो प्रश्न विसरूनही जाते. परंतु मुलीच्या आजाराने वाकलेला ल्यू छन्शी परक्याच्या मुलासाठी हात धुऊन शस्त्रक्रियागृहात शिरतो, आणि त्याचे दोन्ही गुरुबंधू काही न बोलता त्याच्या समोर आपापल्या जागी उभे राहतात, तेव्हा ते उत्तर आपल्यास प्रत्यक्ष दिसते. तिघेही त्या वेळी एकमेकांकडे पाहत नसतात. तिघांची दृष्टी टेबलावरील माणसाकडे असते.